चटईवरची आई

परवा वाकोल्यात शेजारी मयत झाली, उशाशी कणकेचा दिवा दिसला आणि अंधेरीच्या ऑफिसातली ती दुपार आठवली. नववीत शाळा सुटलेल्या मला गावापासून इतक्या लांब खुर्चीवर बसायचं काम मिळालं ते टीममधल्या ताईंमुळे, त्यांचे उपकार मोठे. व्हिडिओ गेममध्ये घालायला लोक स्वतः बनवलेल्या वस्तू, घरं एका साइटवर टाकायचे. ते तपासायचं आमचं काम. त्यात रक्त, नागडेपण, प्रेत दिसलं की आम्ही ‘प्रौढांसाठी’ असा टॅग लावायचो, मग अठराच्या आतल्या पोरांना ते पान उघडायचं नाही. त्या दुपारी एकाने आपलं घरच बनवून टाकलं होतं. ओट्यावर कुकर, खाली चटईवर पांढऱ्या चादरीत आई, नाकात कापूस, उशाशी दिवा. मला सगळं कळलं, तरी नोकरीच्या धास्तीने मी टॅग मारला. दोन दिवसांनी त्याची मराठीतच तक्रार आली, “धाकटा भाऊ चौदाचा आहे, होस्टेलवरून वेळेत पोचला नाही. त्याला आई दिसावी म्हणून केलंय हे.” ताई म्हणाल्या, “प्रेत आहे ना रे, मग बरोबरच केलंस. घाबरतोस काय एवढा?” मी पहिल्यांदाच त्यांना उलटून बोललो, “ताई, हे तसलं नाही हो.” मग त्यांनीच वरच्या साहेबांना टॅग काढायला लिहिलं. आठवड्याने टॅग निघाला, पण तोवर त्याने ते घर साइटवरून काढून टाकलं होतं. तक्रारीखाली फक्त लिहिलं होतं, “राहू द्या.” मी अजून तेच काम करतो. त्या धाकट्याने आई पाहिली की नाही, हे कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नाही.