दिराचे गळके डबे

आमच्या गल्लीत बातमी पसरली, की शेजारच्या जीपवाल्या वहिनींनी दिराच्या डिझेलच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. बातमी साफ खोटी आहे. वहिनींनी त्या डब्यांना बोटही लावलं नाही, आणि खरा डाव तोच होता.

दोघांच्याही जीपा पंप नसलेल्या लांबच्या वाटांवर भाड्याने जातात. दोघांचे पत्र्याचे डबे इतकी वर्षं वहिनीच तपासत. झाकणातलं झिजलेलं रबर बदलायचं, वर चार बोटं जागा सोडायची, आणि भरलेला डबा वर्तमानपत्रावर पालथा घालून डाग पडतो का ते बघायचं. पण या भावजींनी "बाईच्या हातात गाडी म्हणजे जिवाला घोर" असं सांगत वहिनींची नेहमीची गिऱ्हाइकं पळवली. वहिनी गोड हसल्या आणि फक्त स्वतःचे डबे तपासू लागल्या.

भावजींनी डबे काठोकाठ भरून टपावर बांधले. उन्हात डिझेल फुगलं, जुन्या रबरातून पाझरलं आणि गिऱ्हाइकांच्या वळकट्यांत मुरलं. माळरानात डिझेल संपून गाडी बंद पडली. निरोप मिळताच वहिनी नटूनथटून निघाल्या. तमाशा चुकू नये म्हणून मीही जीपमध्ये चढलो.

वहिनींनी आधी गिऱ्हाइकं आपल्या जीपमध्ये बसवली. मग भावजींचा पांढरा सदरा मागून घेतला आणि सगळ्यांदेखत त्यावर आपला भरलेला डबा पालथा घातला. एक ठिपका उमटला नाही.

"वहिनी, एवढा सूड?" बनियनवर उभे भावजी कुरकुरले.

"अजून घेतलाय कुठे, भावजी? गाडी उद्या न्या. आज माझ्या जीपमध्ये मागे बसायचं, तुमचे ते गळके डबे मांडीवर घेऊन!"