इतवाऱ्यातली नर्सबाई

सकाळी आम्ही नवरा-बायको निंबोला गावच्या शेतात रोजच्यासारखा कापूस वेचत होतो. दुपारी ती पोट धरून सरीतच बसली. बैलगाडीत घालून तिला बुऱ्हाणपूरला, इतवाऱ्यातल्या दवाखान्यात आणली. राज्यं जोडून नवा मध्यप्रदेश नुकता झाला होता, अन् दवाखान्यात नवी नर्सबाई आली होती. नाव मी विचारलं नाही. उंच, सावळी, बोलताना मनगटावरचं सैल घड्याळ सारखी वर सारायची.

तपासून मला म्हणाली, "भाऊ, हिच्या लघवीच्या पिशवीचं दुखणं जुनं आहे. पाणी पिते का ही?"

"शेतात घागर भरलेली असते की!"

"घागर नहीं पूछी मैंने. क्यों बाई, पितेस का?"

बायको पदराआडून बोलली, "पिऊन जायचं कुठं? चहूकडं गडीमाणसं. अंधार पडेस्तोवर दाबून धरते. लग्न झाल्यापासून असंच."

एका ताटात जेवलेली बाई, अन् मला वाटायचं हिला तहानच कमी.

नर्सबाईनं गोळ्यांची पुडी दिली. "पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, लघवी दाबायची नाही. नाहीतर दुखणं परत येईल." घड्याळ वर सारून माझ्याकडं बघितलं. "गोळ्या माझ्याजवळ आहेत भाऊ, जागा तुमच्याजवळ."

यंदा बायको गेली, म्हाताऱ्या वयात, तापानं. नर्सबाई मला पुन्हा कधी दिसली नाही.

दवाखान्यातून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापसाला हात लावला नव्हता. बांधाच्या कोपऱ्यात बांबू रोवले अन् चारी बाजूंनी गोणपाट बांधलं.