सीना नदीतला तिसरा नमुना

भूत-भानामतीच्या विरोधात सोलापुरात चौकाचौकांत मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. त्यामुळे ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा... मीही हसले असते.

ठिकाण — सीना नदी, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याचा नाला मिळतो तिथून पन्नास पावलं खाली. वेळ — सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. सोबत आप्पा, काठावरचे शेतकरी. त्यांची चार शेरडं हे पाणी पिऊन मेली. कारखाना म्हणतो, रोगाने मेली. पुढच्या आठवड्यात सरकारी साहेबांपुढे सुनावणी होती आणि आप्पांच्या बाजूने पुरावा म्हणजे नदीतले किडे.

पद्धत साधी आहे. एकाने तीन मिनिटं पायांनी तळ ढवळायचा, दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी तळाशी दाबून धरायची. सुटलेले किडे जाळीत येतात. स्वच्छ पाण्यातले वेगळे, घाणीतले वेगळे. पहिल्या दोन नमुन्यांत फक्त घाणीतल्या लाल अळ्या आल्या. नदी मारलीय हे सांगायला आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या वेळी आप्पा ढवळत होते, मी वाकून जाळी धरली होती. गाळ येत होता, खडे बोटांवर आपटत होते. आप्पा, जरा हळू, म्हटलं. खडे तसेच येत राहिले. मान वर केली...

आप्पा काठावर उभे होते. तोंडाचा रंग उडालेला.

"वर कधी गेलात?"

"कवाच. माज्या पायावर कुणाचा तरी पाय पडला, पोरी. तुला हाक मारायला तोंडच उघडंना."

माझ्यासमोर, हातभर अंतरावर, तळ ढवळला जात होता. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे... पाय टाकल्यासारखा. मला पळायचं होतं, पण अंगच हलेना. मोबाईलवर तीन मिनिटांचा गजर वाजला — आणि गाळ उठायचा थांबला.

जाळीत एकही लाल अळी नव्हती. मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्याची पिल्लं होती, तीन-तीन शेपट्यांची, ढिगाने, वळवळणारी. ती अशा घाणीत जगूच शकत नाहीत.

"सोडून दे ते," आप्पा म्हणाले. "ह्ये बगून सायेब म्हणंल, पानी चांगलं हाय. मग माजी शेरडं काय लबाडीनं मेली व्हय?"

पुरावा दडवणाऱ्यांच्या दारात मी घोषणा दिल्या आहेत. नमुना सोडला नाही. तिन्ही बाटल्या सुनावणीत ठेवल्या. कारखान्याच्या वकिलाने फक्त तिसरी उचलली. आप्पा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

प्रवाह, मासा, उन्हाची चक्कर — सगळं लावून पाहिलं, काहीच बसत नाही. नमुन्याच्या फॉर्मवर तळ कोणी ढवळला याचा एक रकाना असतो. तिसऱ्याचा कोरा का, असं साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, नाव माहीत नाही.