सुभेदाराचे दोन जावई

माझ्या सासऱ्यांना दोन मुली आणि दोन जावई. थोरला मी. आमच्यात डावं-उजवं होऊ नये म्हणून सासूबाई सुरमईच्या तुकड्या तळण्याआधी परातीत शेजारी शेजारी ठेवून पाहत. धोतरजोडीचा काठ सारखा, पाटाची उंची सारखी, आंब्याच्या पेटीतले आंबेसुद्धा निम्मे-निम्मे. समता देशात तेव्हा नुकतीच जाहीर झाली होती. आमच्या सासुरवाडीला ती अमलात आली होती.

तरी मला साडूचा मत्सर वाटे. तो मुंबईला एका रंगाच्या कंपनीत विक्रेता होता. किहीमला सासऱ्यांकडे आला की हातात केकचा डबा, तोंडात नवा चुटका, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांना मुलींसारखी ‘बाबा’ अशी हाक. मी गावासारखा ‘रावसाहेब’ म्हणत आलो होतो. पुढे बदलावंसं वाटलं तेव्हा उशीर झाला होता.

रावसाहेब हा इंग्रजांनी दिलेला किताब. सत्तेचाळीस साली इंग्रज गेले, किताबाला अर्थ उरला नाही, पण पितळी पाटी किहीमच्या फाटकावर राहिली आणि दर शनिवारी चिंचेने घासली जाऊ लागली. सासरे कुलाबा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या तालुक्यांत मामलेदार होते. शेवटी पालीहून निवृत्त होऊन नारळाच्या वाडीत राहायला आले. त्यांचा एक पट्टेवालाही त्याच सुमारास निवृत्त होऊन शेजारच्या गावी परतला होता. तो रोज सकाळी ओटीच्या पायरीशी येऊन उभा राही. काम काहीच नसे. एक जण बसे, एक जण उभा राही, आणि दोघांनाही त्याने बरं वाटे.

मी अलिबागला शाळेत इतिहास शिकवत असे. रविवारी सायकलने किहीमला जायचो. पाऊस, पेन्शन आणि नारळाला लागणारा भुंगा एवढे विषय झाले की आम्ही दोघे गप्प बसत असू. एका रविवारी असेच गप्प बसलो असताना मी त्यांना एका रोमन सुभेदाराची हकीकत सांगितली. त्याचं छोटंसं चरित्र मी नुकतंच इंग्रजीतून वाचलं होतं.

बाप एका राजाच्या लहरीपायी मारला गेलेला, आईने वाढवलेला हा मुलगा. तरुणपणी फौजेत गेला, मग एका श्रीमंत प्रांतात खजिन्यावर. तिथला वरिष्ठ लाचखाऊ होता, हा स्वच्छ राहिला. पुढे पलटणीचा अधिकारी झाला आणि शेवटी साम्राज्याच्या टोकाला असलेल्या एका पावसाळी बेटाचा सुभेदार. तिथे धान्यवसुलीचा छळ चालला होता. शेतकऱ्याला बंद कोठारापुढे तिष्ठत ठेवायचं, जवळचं कोठार सोडून लांबच्या कोठारात धान्य पोचवायला लावायचं, म्हणजे तो कंटाळून पैसे सोडतो. याने ते पहिल्याच वर्षी बंद केलं. युद्धाच्या काळात भाताची लेव्ही वसूल केलेले सासरे इथे खुर्चीत पुढे सरकले. मग सुभेदाराने तिथल्या सरदारांच्या मुलांना शाळेत घातलं, त्यांना रोमन पोशाख नेसायला आणि हमामात न्हायला शिकवलं, उत्तरेच्या टोळ्या मोडल्या, गलबतं पाठवून बेटाला वळसा घातला. तेव्हा रोमच्या नव्या राजाच्या पोटात दुखू लागलं. त्याने सुभेदाराला परत बोलावलं. गर्दी जमू नये म्हणून हा बिचारा अंधारात शहरात शिरला. राजाने जेमतेम जवळ घेतल्यासारखं केलं आणि एक शब्द न बोलता दरबाऱ्यांच्या घोळक्यात सोडून दिलं. पुढे आणखी एक प्रांत देऊ केला तो त्याने नाकारला, कारण नाकारावा असंच त्याला सुचवण्यात आलं होतं. नाकारणाऱ्याला पगाराइतकी रक्कम द्यायची रीत होती. ती त्याला दिली नाही.

“म्हणजे पेन्शन बुडवलं,” सासरे म्हणाले. बाप मारल्याचं ऐकून ते इतके अस्वस्थ झाले नव्हते.

मी आणखी एक सांगितलं. वाईट राजाच्या नोकरीतही माणूस चांगला राहू शकतो, असं त्या चरित्रकाराचं म्हणणं आहे. हे वाक्य सासऱ्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. बेचाळीस साली त्यांनी वरून आलेल्या हुकमांवर सह्या करून माणसं तुरुंगात पाठवली होती आणि सत्तेचाळीस साली त्याच माणसांच्या गळ्यात हार घातले होते. लोक त्यांना नमस्कार करत, पण ओटीवर कोणी बसायला येत नसे.

“हे लिहिलं कोणी?” त्यांनी विचारलं.

“त्याच्या जावयाने.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. परतताना वारा समोरून होता म्हणतात. मला तो लागला नाही.

थाटामाटाची मी आयुष्यभर टिंगल करत आलो. पण आपल्या हातून रावसाहेबांचं चरित्र होणार म्हटल्यावर मला पितळी पाटीसुद्धा बरी दिसू लागली. पहिलं प्रकरण मनात लिहूनही झालं. बायकोने विचारलं, “बाबा तसं म्हणाले का?” मी म्हटलं, अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अधिक महिना आला. या महिन्यात जावयांना वाण देतात. दोघांना सारखे अनारसे, सारख्या चांदीच्या वाट्या. मुंबईहून येणारी लाँच पावसासाठी बंद झाल्यामुळे साडू पनवेल-पेणवरून एस.टी.चे धक्के खात आला आणि तरी हसतच उतरला. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं की सत्तरीला आपलं चरित्र छापून काढायचं आहे.

“चरित्र जावयाने लिहावं अशी जुनी रीत आहे,” ते म्हणाले. मी हातातला अनारसा खाली ठेवला. “तेव्हा हे काम धाकट्या जावईबापूंनी करावं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही त्यांना ते रोमचं थोडं टिपून द्या.”

त्या घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट निम्मी-निम्मी झाली नाही. रोमन सुभेदाराला एकच मुलगी होती. माणूस नशीबवान.

साडू आता दर महिन्याला येऊ लागला. दोघे वाडीत खाट टाकून बसत. लांबून हसणं ऐकू येई. मी जवळ गेलो की थांबे. “या गुरुजी,” साडू म्हणे, “रोम कुठवर आलं?” मी फुलस्केप कागदांची जाड चवड त्याच्या हातात ठेवली. त्याने ती भाजीवाल्यासारखी तोलून पाहिली आणि दोन ओळीही पुरल्या असत्या असं सांगितलं. वर आभारही मानले, ते जास्त लागलं.

वर्गात मी रोमच्या मत्सरी राजांना नेहमी झोडपत असे. त्या वर्षी जरा समजुतीने शिकवलं. अख्खं जग हाताखाली असलेल्या माणसाला लांबच्या ओल्या बेटावरच्या एका सुभेदाराचं कौतुक का सोसलं नसेल, हे पुस्तकांत कुठे नीट सांगितलेलं नाही. मला ते वाडीतल्या खाटेवरून ऐकू येत होतं.

सत्तरीला मांडव पडला. अलिबागच्या छापखान्यात छापलेलं पुस्तक साडूने स्वतः वाचून दाखवलं. मी माझी प्रत आणि पेन्सिल घेऊन बसलो होतो. सुभेदाराला त्याने हत्तीवर बसवलं होतं. बेटावर नारळ लावले होते. मी समाधानाने खुणा करत होतो. मग पाली आलं.

सत्तेचाळीस सालचं पहिलं झेंडावंदन दुसऱ्या दिवसावर आलेलं, आणि मामलेदारांच्या लक्षात येतं की आपल्याला फक्त सलाम घ्यायची सवय आहे. गाठ कशी बांधली म्हणजे झेंडा वर जाऊन उलगडतो, हे कचेरीत कोणालाच ठाऊक नाही. खरा झेंडा सरावाला घ्यायची हिंमत होत नाही. तेव्हा परसात बांबू रोवून त्यावर बायकोचं जांभळं लुगडं घडी करून चढवतात. सरगाठीची निरगाठ होते आणि लुगडं वर अडकून बसतं. तेवढ्यात भाताच्या चौकशीला आलेला एक शेतकरी टोपी काढून अदबीने विचारतो, “रावसायेब, नव्या राज्याचा झेंडा ह्योच का?” आणि रावसाहेब म्हणतात, “उद्या ठरेल.”

मांडव हसला. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सासरे तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बेचाळीसच्या सह्यांचा पुस्तकात उल्लेख नव्हता, आणि त्या संध्याकाळी तो कोणाला आठवलाही नाही. कार्यक्रम संपल्यावर मंडळी ओटीवर बसली, उठेचनात. मी पंधराएक वर्षं त्या माणसासमोर बसत आलो होतो. मला यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना लुगड्याबद्दल विचारलं. “कुठलं लुगडं?” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा अलिबागला तुमच्याकडेच नव्हते का, बाळंतपणाला? माझी ट्रंकही तिथेच होती.” हे मला आपणहून आठवायला हवं होतं, मुलगा माझाच होता. “पण किती छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. पट्टेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “व्हय जी, दोरी म्याच धरली व्हती.” त्या साली आपण रोह्याला होतो असं त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं.

मग मी ओटीवर गेलो आणि सासऱ्यांना सरळ विचारलं, “रावसाहेब, हे काम मला का दिलं नाहीत?”

त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. “तुम्ही चौकशी केली असती.”

मी ती करूनच आलो होतो.

दोनेक वर्षांनी सासरे गेले. तेराव्याला ओटी भरली होती. मुंबईहून साडू अजून पोचायचा होता. पाहुण्यांपैकी कोणीतरी लुगड्याची गोष्ट काढली आणि ती सांगायला कोणी नाही म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितली. मी त्यात पावसाची एक सर घातली, म्हणजे लुगडं भिजून जड होतं आणि बांबू वाकतो. लुगडं मी हिरवं केलं, तांबड्या काठाचं. शेतकऱ्याच्या वाक्याआधी जरा थांबलो. साडू तिथे घाई करत असे. ओटी हसली, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. सासरे गेल्यापासूनचं पहिलं.

मान वळवली तर साडू दारात, हातात पिशवी तशीच. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं, आणि ते तिथे पाहून मला फार बरं वाटलं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “लुगडं जांभळं होतं.”

“हिरवं,” मी म्हणालो. “मी चौकशी केली आहे.”

पायरीशी उभ्या असलेल्या पट्टेवाल्याने मान हलवली. “व्हय जी. हिरवंच व्हतं.”