त्रेचाळीस तुकडे

माझ्या अक्षराची आणि चुकांची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, मग हात विळ्याला लागला, पेनाला नाही. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण शाहीनबद्दल मी मनात जे धरून बसले होते ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून लिहिते.

ती गेल्याचं मला धानाच्या रोवणीत कळलं. आम्ही सात-आठ बायका चिखलात वाकलेल्या होतो आणि शेजारची कौसाबाई बांधावरून ओरडली, "हमीदाबीची पोरगी गेली वं! कावीळ झालती. नागपूरले नेली, पण नाई वाचली." सगळ्या "अरे बापा" म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या बांगड्यांचे तुकडे आता कोणाकडे आहेत? लाज वाटते लिहायला... पण तोच आला.

हमीदाबी आमच्या गावची बांगडीवाली. तिरोड्याहून यायची, डोक्यावर पेटी, आणि मागे शाळेच्या कपड्यातली शाहीन, हातात उधारीची वही. आईला लिहिता येत नव्हतं, लेक लिहायची. पैसे धान निघाल्यावर द्यायचे. मी कोणाशी फारशी बोलत नसे. हमीदाबी माझी बोटं दाबून म्हणायची, "हाथ ढीला छोड़, बहू, मैं कोई खाती नहीं तेरे को." नणंदेच्या लग्नाला मी तिच्याकडून दीड डझन हिरव्या बांगड्या भरल्या, सोनेरी ठिपक्यांच्या, एकशे ऐंशी रुपये उधार. महिना झाला नाही तोच यांना शेतात साप चावला.

आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. त्या दिवशी अंगणात दगडाने माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा कोणी वाढल्या म्हणालं नाही. मनगट कापलं. संध्याकाळी मी ते तुकडे वेचले, चिंधीत बांधले आणि धानाच्या ढोलीमागे लपवले. का, ते आजही सांगता येत नाही. त्यानंतर हमीदाबी माझ्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. थांबली नाही, पैसेही मागितले नाहीत. मला वाटलं, विधवेचं दार म्हणून टाळते. मागत नाही म्हणजे माझी उधारी गावभर सांगत असेल. मीही दिले नाहीत. तिला हाक मारायला तोंडच उघडत नव्हतं.

काही वर्षांनी शाहीन नागपूरहून चित्रकला शिकून परत आली ती दारोदार फुटक्या बांगड्या मागू लागली. कौसाबाईने तोंडावरच विचारलं, "माय नव्या इकते, तू फुटक्या मांगून राहिली. करणी त नाई करत?" शाहीन म्हणाली, "करणी आती तो पहले तुम्हारी ज़ुबान बांधती, काकी." सगळ्या हसल्या, मी नाही. अंगावरची वस्तू परक्या हातात देऊ नये असंच मी ऐकत आले होते. आणि ती मुसलमानाची पोर, हेही मनात होतं. खोटं कशाला लिहू?

मग ती माझ्या दारात आली. "काकी, तुम्हारे पास हैं. अम्मी बोली."

मी घाबरले. हमीदाबीला कोणी सांगितलं? "कायले पायजेत तुले?"

"कपड़े पे टांकूंगी. जितने हाथ अम्मी ने पकड़े, उनकी तस्वीर है. चेहरा नहीं, नाम नहीं."

नाही म्हणायलाही धीर लागतो, तो माझ्यात नव्हता. मी तुकडे तिच्यासमोर मोजले. त्रेचाळीस. "इकायचे नाई. अन् जेवढे हायत तेवढे वापस पायजेत," एवढंच बोलले. तिने दोन चिठ्ठ्यांवर आकडा लिहून सही केली, एक माझ्याकडे, एक तुकड्यांबरोबर. हसली नाही, म्हणून जास्तच संशय आला.

मागच्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका हॉलमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. बाजाराचं निमित्त करून मी एकटी गेले. भिंतभर पांढरं कापड, आणि त्यावर धान रोवावं तसे बांगड्यांचे तुकडे ओळीने दोऱ्यात जखडलेले. एका बाईची एक ओळ. कुठे लांब ओळ, कुठे चार तुकड्यांतच संपलेली. डोक्यावर ओढणी घेतलेली शाहीन लोकांशी बोलत होती. कोणी विचारलं, "औरतों का दर्द दिखाना है आपको?" ती म्हणाली, "नहीं साब, हिसाब. किसके हाथ में कितनी थीं." एक साहेब किंमत विचारत होते. तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

माझी ओळ खालून दुसरी होती. ठिपक्यांवरून ओळखली. मी तीनदा मोजली. बेचाळीस. शाहीनने मला पाहिलं, हात वर केला, "काकी!" मी वळून बाहेर निघाले. तीच शेवटची भेट. पुढे ती गावात आली की मी कडी लावून आत बसायची. एक तुकडा विकला असेल... नाहीतर करणीसाठी कोणाला दिला असेल. सगळा उन्हाळा मी तोच हिशोब करत होते.

रोवणी आटोपली तशी मी तिरोड्याला गेले. भेटायला म्हणून, पण चिठ्ठी कमरेला खोचलेली होती. हिशोब मागायचा तर आपल्या अंगावर उधारी नको, म्हणून एकशे ऐंशी रुपयेही घेतले होते. हमीदाबी शाहीनच्या खोलीत बसली होती. ते पांढरं कापड पेटीवर घडी करून ठेवलेलं. मी चिठ्ठीसाठी कमरेला हात घातला. तिनेच एक डबी पुढे केली. "तेरा एक टुकड़ा है, बहू."

कापसात एक हिरवा तुकडा होता, कडेला तपकिरी डाग. खाली चिठ्ठी, त्रेचाळीसची. आकड्याखाली शाहीनने लिहिलं होतं: बयालीस टांके. एक पे खून है. ये दिखाने का नहीं.

तरी मी तो तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. सोनेरी ठिपका होता. माझाच होता.

"अन् कापड?"

"बिकाऊ नहीं, बोली सबको. सबके टुकड़े वापस करने हैं, बोली."

"मी ठेवले हे तुमाले कसं मालूम होतं?"

"उस दिन मैं फाटक पे खड़ी थी. तू बीन रही थी. मैंने आवाज़ नहीं दी."

मी नोटा पुढे केल्या. तिने हात मागे घेतला. "जिसकी चूड़ियां टूटीं, उससे चूड़ी का पैसा नहीं मांगते हम. इसीलिए तेरे दरवाजे पे नहीं रुकी. रुकती तो तू समझती, मांगने आई."

"मांगू नका, हमीदाबी. पण घ्या."

तिने शेवटी घेतल्या आणि मोजल्या. सवयीने मीही मनात मोजल्या. मग तिने पेटीतून जुनी वही काढली. शाहीनचं शाळेतलं गोल अक्षर. पानावरच्या सगळ्या ओळींवर रेघ होती, माझ्या एका ओळीवर नव्हती. हमीदाबीने पेन माझ्या हातात दिलं. "लिखने वाली तो गई. तू लिख."

शाहीनच्या अक्षराखाली मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, एकशे ऐंशी, पूर्ण मिळाले. आणि रेघ मारली.