शेंदराखालचा डबा

जीपीएस यंत्र आधी मी घेतलं. शेजारच्या गृहस्थांनी माझं बघून घेतलं आणि आठवड्यात माझ्यापुढं गेले. मी बटणं दाबत माळभर पळतो. शेजारी मात्र यंत्र प्रसादासारखं तळहातावर धरून गप उभे राहतात.

"दमानं, सर," ते म्हणतात. "उपग्रह काय तुमच्या वर्गातली पोरं हायत व्हय, हाक मारली की हजर व्हायला?"

यावर माझी बायको हसते. माझ्या विनोदांना ती कधी हसत नाही.

आमचा खेळ साधा. एकानं डोंगरात डबा लपवून जागेचे आकडे द्यायचे, दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा. माझा डबा त्यांनी जाता जाता काढला आणि आणून बायकोच्या हातात दिला.

त्यांचा शोधायला मी तुळजापूरच्या डोंगरात गेलो. यंत्रानं मला एका शेंदूर फासलेल्या दगडापाशी आणून सोडलं. मी चपला काढून हात जोडले, आसपासची सगळी झुडपं धुंडाळली आणि रिकाम्या हातानं परतलो.

"त्या दगडाखालीच हाय की," ते म्हणाले. "शेंदूर म्याच लावलाय. देवाला कोण हलवतंय?"

रविवारी डबा काढायला दोघं गेलो. दगडापुढं कुणीतरी नारळ फोडला होता, ताजी फुलं वाहिली होती. त्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि डबा तसाच ठेवून मागं वळले.

त्यांच्या डब्याला आता नैवेद्य मिळतो. माझ्या डब्यात बायको जिरं ठेवते.