माळावरचा तिसरा दगड

काहिलीत आम्ही सहा जण होतो आणि माळावरची माणसं काठ्या रोवून आम्हाला टेकू देत नव्हती. गुळाची काहील ती, रस उकळायची मोठी कढई, गोल. पुरात तीच होडी. जरा ढकलली की गरगरते. सुनेच्या पदराखाली अकरा दिवसांची पोर. मागं आमचं गाव कौलांपर्यंत पाण्यात. पुढं वरचं गाव आणि त्याचं गायरान तेवढं कोरडं, बेटासारखं.

ती माणसं वाईट नव्हती. हे आज म्हणते, तेव्हा शिव्या घातल्या. मागच्या एका पुरात कुठल्याशा गावची माणसं चार दिवसांसाठी म्हणून त्यांच्या माळावर आली आणि घरं बांधून बसली. ती भीती त्यांच्या पोटात होती.

बोलणी पाण्यावरच झाली. काहिलीत माझे दीर तात्या, काठावर वरच्या गावचे बापू, आणि मध्यस्थ म्हणून मधल्या गावचे सरपंच फोनवर, स्पीकर लावून. शेवटी बापू म्हणाले, "पाणी उतरूस्तवर ऱ्हावा, पावणं. पर चूल मांडायची न्हाय. भाकरी आमी आणून देतो."

"आनी मांडली तर?" तात्यांनी विचारलं.

"तर काहील हाय की तुमची."

आमच्याकडं चूल पेटली की तिथं संसार लागला असं धरतात. तात्यांनी मान हलवली. आम्ही उतरलो.

आणि मी काय केलं? ताडपत्री बांधून होते न होते तोवर तीन दगड मांडले. चाळीस वर्षांची सवय, हात थांबलेच नाहीत. प्लास्टिकात बांधून आणलेल्या शेणी पेटवल्या, पोरीच्या अंघोळीचं पाणी ठेवलं. धूर दिसला तसे बापू धावत आले.

"ए म्हातारे, काय चाललंय ह्ये?"

"दिसत न्हाय व्हय? पानी तापवतोय की."

"काय ठरलं हुतं? चला, बसा काहिलीत!"

तात्यांचं तोंड पडलं. सून पोरीला घेऊन उठून उभी राहिली. पाण्याला तेव्हा अशी ओढ होती की काहील सुटली असती तर कुठं लागली असती, देव जाणे.

मागून बापूंची आई आली. माझ्याच वयाची, कमरेत वाकलेली. पोरीकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. परत गेली आणि स्वतःच्या चुलीचा एक दगड पदरात घालून आणला. माझा एक दगड काढून पाण्यात फेकला, तिथं तिचा ठेवला.

"आता चूल आमची," ती लेकाला म्हणाली. "पावन्यांनी आमच्या चुलीवर पानी तापवलं. तुजं काय गेलं?"

बापूंनी फोनवर सरपंचांना विचारलं. ते हसले म्हणे. तेवढ्यावर मिटलं.

नऊ दिवस त्या चुलीवर पाणी तापलं. पाणी उतरलं तेव्हा दगड धुऊन मी तिच्या दारात नेऊन ठेवला. "घिऊन जा की," ती म्हणाली. मी नाही नेला. चूल त्यांची, ठरलं ते ठरलं.

घराची भिंत बसली होती. आम्ही परत गेलोच नाही. मुलगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला लागला, आम्ही गडमुडशिंगीत राहतो. गॅस आहे, गीझर आहे, मुलाची शिफ्ट बघून जेवायचं. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता, म्हातारे, घराची आठवण येते का? येते. पण घर म्हटलं की मला ती कौलं दिसत नाहीत. तीन दगड दिसतात, त्यातला एक दुसऱ्याचा. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, तुमच्या दारात कुणी चार दिवसांसाठी आलं, तर धूर बघून धावू नका.

निघताना गोठ्यातली म्हैस सोडून दिली होती, ती सापडली नाही. तात्या, जाऊबाई, मुलगा, सून, मी आणि ती पोर, काहिलीतले सहाही जगलो. पोर आता शाळेत जाते.